राईडच्या परतीच्या वेळा: पासवर एक तास, दारावर किती?

घाटवाट

नमस्कार मंडळी. डिसेंबरात आम्ही ऑरलँडोला डिस्ने वर्ल्ड बघायला चाललोय. आम्ही दोघं, दोन मुलं (मोठी दुसरीत, धाकटा अजून बालवाडीत) आणि साताऱ्याहून येणारे आई-बाबा. विमानाची तिकिटं झाली, हॉटेल झालं. आता रोजचा कार्यक्रम आखायला बसले आणि एकाच ठिकाणी अडले आहे. लाइटनिंग लेनच्या पासवर जी एक तासाची वेळ येते, ती तिथले लोक किती काटेकोरपणे पाळायला लावतात?

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी: जादा पैसे भरून लाइटनिंग लेनचा 'मल्टी पास' घेतला की मोठ्या राईडला लांब रांगेत उभं राहावं लागत नाही. ॲपमधून वेळ घ्यायची, उदाहरणार्थ १०:२० ते ११:२०, आणि त्या तासात वेगळ्या दाराने, म्हणजे लाइटनिंग लेनने, आत जायचं. डिस्नेच्याच हॉटेलात उतरलात तर सात दिवस आधी सकाळी सातला या वेळा घेता येतात, बाहेर उतरलात तर तीन दिवस आधी. पहिल्या फेरीत तीन वेळा मिळतात. त्यातली एक वापरली की पुढची घ्यायची.

आता माझा मुद्दा. कुणालाही विचारलं की एकच उत्तर येतं, 'पाच मिनिटं आधी आणि पंधरा मिनिटं उशिरा चालतं.' पण ॲपमध्ये तसं काही दिसत नाही, तिथे फक्त १०:२० ते ११:२०. म्हणजे ही सूट ज्यांनी इंटरनेटवर तासन्‌तास वाचलंय त्यांच्यासाठी. माझे बाबा ११:२३ ला दाराशी पोचले तर ते मागे फिरतील. छापलेली वेळ टळली म्हणजे टळली, असंच ते आयुष्यभर वागत आले आहेत. आणि त्यांच्या मागून येणारा वर्षातून चारदा येणारा माणूस ११:३३ ला निवांत आत जाईल. सूट द्यायची तर सगळ्यांना सांगून द्यावी, असं मला मनापासून वाटतं. तुमचे अनुभव आणि मतं दोन्ही हवी आहेत.

मुक्काम_टांपा

आम्ही तासा-सव्वातासाच्या अंतरावर राहतो, त्यामुळे पाहुणे आले की ठरलेली वारी. आधी व्यवहाराचं सांगतो.

दाराशी एक खांब असतो, त्यावर मिकीच्या डोक्याच्या आकाराचा रीडर. त्याला मनगटावरचा मॅजिकबँड, कार्ड किंवा फोन टेकवायचा. हिरवं वर्तुळ फिरलं की आत जा. निळं झालं की थांबा. निळं म्हणजे 'नाही' असं नसतं, 'माणसाने बघावं' असं असतं. शेजारी उभा असलेला कर्मचारी हातातल्या टॅबलेटवर बघतो की तुमचा पास कितीचा होता, कुठल्या राईडचा होता, मग ठरवतो. पाच मिनिटं आधी आणि पंधरा मिनिटं नंतरपर्यंत यंत्र आपणहून हिरवं होतं असाच माझा आणि इथल्या ओळखीतल्या सगळ्यांचा अनुभव. त्यापुढे सगळं त्या माणसावर.

दोन गोष्टी मात्र पाहुण्यांना दर वेळी सांगाव्या लागतात. एक, वेळ बघतात ती पहिल्या खांबापाशी. आत गेल्यावर पुढे आणखी एक खांब येतो, जिथे दोन्ही रांगा एकत्र होतात. तिथे पोचेपर्यंत तुमचा तास उलटून गेला तरी बिघडत नाही. म्हणजे ११:१८ ला पहिल्या खांबाला टेकवलंत तर तुम्ही वेळेत आहात, गाडीत ११:४० ला बसा की.

दुसरं, प्रत्येकाचा पास स्वतंत्र असतो. आई स्वच्छतागृहात असतील तर बाकीच्यांनी बाहेर ताटकळत उभं राहून सगळ्यांचीच वेळ घालवू नये. ज्यांना शक्य आहे त्यांनी आत जावं, त्या मागून येऊ शकतात. मात्र त्यांचा बँड त्यांच्याच हातात असला पाहिजे! सगळ्यांची कार्डं मुलाच्या खिशात आणि आई बाहेर, असं आमच्याकडच्या पाहुण्यांच्या बाबतीत होतंच होतं.

चैत्रपालवी

घाटवाट, तू म्हणतेस ती न सांगितलेली सूट आजची नाही गं. हिचा उगम कागदी फास्टपासात आहे.

फास्टपास आला १९९९ साली, आणि तोही फुकट. राईडच्या बाहेर यंत्रं असायची. त्यात पार्कचं तिकीट सरकवलं की एक चिठ्ठी बाहेर यायची, तिच्यावर एका तासाची वेळ. तासाची सुरुवात कडक पाळली जायची, वेळेआधी अजिबात आत सोडत नसत. शेवट मात्र कुणी बघायचंच नाही! सकाळी दहाची चिठ्ठी संध्याकाळी सातला दाखवली तरी आत घ्यायचे. ज्यांना हे ठाऊक होतं ते सकाळभर एका राईडवरून दुसरीकडे पळत चिठ्ठ्या गोळा करायचे, दुपारी हॉटेलवर जाऊन झोपायचे आणि संध्याकाळी पत्त्यांसारखा गठ्ठा घेऊन यायचे. चिठ्ठीवर वेळ स्पष्ट छापलेली, पण ती पाळायची नसते हे फक्त जाणकारांना माहीत.

मार्च २०१२ पासून डिस्ने वर्ल्डने तासाचा शेवटही पाळायला सुरुवात केली. त्या वेळी जुन्या लोकांनी इतका गहजब केला की जणू कुणाचा हक्क हिरावून घेतला. माझ्या मते तो हक्क नव्हताच, पण तेरा वर्षं सवलत चालू दिली की ती हक्कच वाटायला लागते. पुढे २०१४ पर्यंत कागदी यंत्रं गेली, मॅजिकबँडवरचा फास्टपास प्लस आला. तो करोनामुळे पार्क बंद होईपर्यंत, म्हणजे मार्च २०२० पर्यंत चालला. ऑक्टोबर २०२१ मध्ये जिनी प्लस आलं, आणि जे फुकट होतं त्याला माणशी दिवसाला १५ डॉलर पडू लागले. जुलै २०२४ मध्ये त्याचंच नाव बदलून लाइटनिंग लेन मल्टी पास झालं. पाच आणि पंधरा मिनिटांचा हिशेब बँडच्या काळातला, तो पुढे तसाच चालत आला.

वाटसरू_०७

वाचतोय. आम्हीही मे महिन्यात जाणार आहोत. चांगला धागा.

तिसरीपाळी

मी दाराच्या पलीकडच्या बाजूला उभा राहिलेला माणूस. कॉलेजात असताना उन्हाळी व्हिसावर अमेरिकेतल्या एका पार्कात काम केलं. नाव सांगत नाही, आणि सांगतोय ते त्या पार्कापुरतंच.

आधी हे समजून घ्या की तो तास कुठून येतो. राईडमधून तासाला किती माणसं जातात हे ठरलेलं असतं. त्यातला काही भाग वेळ घेतलेल्यांसाठी ठेवतात, उरलेला साध्या रांगेसाठी. ११ ते १२ मध्ये जितक्या जागा, तितकेच पास. काहीजण येणारच नाहीत हेही त्यात धरलेलं असतं. आता अकराचे लोक चारला आले तर चारचे लोक कुठे जातात? ते कुठेच जात नाहीत, तेही तिथेच असतात. मग दोन रांगा जिथे मिळतात तिथे उभा असलेला कर्मचारी साधी रांग थांबवतो आणि वेळवाल्यांना सोडत राहतो.

हे दृश्य मी रोज बघितलंय. बाहेर पाटीवर ५० मिनिटं लिहिलेलं. त्या भरवशावर एक कुटुंब रांगेत शिरतं, बाळ कडेवर. शेवटच्या वळणावर येतात, समोर गाडी दिसते आणि मी साखळी लावतो. बाजूने माणसं जात राहतात, जात राहतात. बाळाचा बाप माझ्याकडे बघतो, काही बोलत नाही. उशिरा येणाऱ्याला दिलेली प्रत्येक सूट त्या बापाच्या वेळातून जाते. दाराशी वाद घालणाऱ्याला तो माणूस दिसत नाही, कारण तो भिंतीपलीकडे असतो.

लवकर येणाऱ्यांचं वेगळं. दहा मिनिटं आधी सोडलं की लोक पंधरा मिनिटं आधी येऊन दारातच उभे राहतात, वाट बंद होते आणि ज्यांची वेळ झालीय त्यांनाच आत येता येत नाही. म्हणून आम्हाला उशिरापेक्षा लवकर येणाऱ्यांबद्दल जास्त ताकीद असायची.

उशीर झालेल्याला आत सोडायचं की नाही हे बहुतेक वेळा आमच्यावर सोडलेलं असायचं. रडणारं मूल, थकलेले आजी-आजोबा, रस्ता चुकलेले लोक, सोडायचो. आरडाओरडा करणाऱ्यालाही कधीकधी सोडावं लागायचं, कारण वाद दोन मिनिटं चालला की मागे रांग तुंबते. ते मला तेव्हाही आवडलं नाही.

घाटवाट

तिसरीपाळी, तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. भिंतीपलीकडच्या माणसाचा विचार मी खरंच इतका केला नव्हता.

पण तुमचं शेवटचं वाक्य वाचून माझा मुद्दा आणखी पक्का झाला. कुणाला सोडायचं हे एकोणीस-वीस वर्षांच्या पोराने उन्हात उभं राहून ठरवायचं, आणि त्यात जो आवाज चढवतो त्याला मिळतं. माझी आई आवाज चढवणार नाही. तिला इंग्रजीत दोन वाक्यं बोलायचीसुद्धा भीती वाटते. ती हसून 'सॉरी' म्हणेल आणि परत फिरेल. म्हणजे नियम न सांगितल्याचा तोटा नेमका कुणाला होतो? जे पहिल्यांदा येतात, ज्यांना भाषा येत नाही, ज्यांना मागायची सवय नाही त्यांना. आणि हे लोक बहुधा आयुष्यात एकदाच येणारे असतात, वर्षवर्ष पैसे साठवून.

यंत्र जर पंधरा मिनिटं हिरवं होणारच असेल, तर पासवर ११:२० च्या ऐवजी ११:३५ छापायला काय हरकत आहे?

केतकी

हरकत आहे. ११:३५ छापलंत की लोक ११:४५ ला येतील आणि म्हणतील, दहाच मिनिटं तर झाली.

सूट न सांगण्यामागे लबाडी आहे असं मला वाटत नाही. न सांगितल्यामुळेच बहुतेक लोक छापलेली वेळ गाठायचा प्रयत्न करतात, आणि ज्यांना खरोखर अडचण आली त्यांच्यासाठी ती पंधरा मिनिटं शिल्लक राहतात. ती सांगून टाकली की ती अडचणीसाठी उरत नाहीत, सगळ्यांच्या वेळापत्रकात जाऊन बसतात. चैत्रपालवीने लिहिलंय तेच बघा. २०१२ च्या आधी शेवट पाळत नाहीत हे कळल्यावर लोकांनी काय केलं? अडचणीपुरतं वापरलं का? गठ्ठे केले.

तिरुपतीच्या ₹३०० च्या शीघ्रदर्शनाच्या तिकिटावर वेळ छापलेली असते. आपल्याकडची माणसं ती गाठायला पहाटेपासून धडपडतात, कुणी विचारत नाही की किती उशीर चालेल. पार्कातही तसंच जावं. तुमचे बाबा ११:२३ ला मागे फिरतील म्हणता, तर त्यांना आधीच सांगून ठेवा ना.

घाटवाट

माझ्या बाबांना मी सांगेन. ज्यांची मुलगी असे धागे काढत नाही त्यांचं काय?

सुमिदाकाठ

टोकियोहून लिहितेय. इथे डिस्नेलँड आणि डिस्नेसी ही दोन्ही पार्कं जपानी कंपनी चालवते, त्यामुळे वरून जरी सारखं दिसलं तरी कारभार वेगळा आहे.

इथे २०२२ पासून पैसे देऊन घ्यायचा 'प्रीमिअर ॲक्सेस' आहे आणि २०२३ मध्ये चाळिसाव्या वर्षाच्या निमित्ताने फुकटचा 'प्रायॉरिटी पास' सुरू झाला. दोन्हींवर तासाची वेळ येते. अमेरिकेतल्या मैत्रिणी आल्या की त्यांच्या डोक्यात पंधरा मिनिटं पक्की बसलेली असतात. मी त्यांना स्पष्ट सांगते, इथे तो हिशेब धरू नका. वेळ म्हणजे वेळ. दोन मिनिटं आधी पोचलात तर दाराशी बाजूला थांबून दोन मिनिटं होऊ द्यायची. आणि गंमत म्हणजे तसे थांबलेले लोक नेहमी दिसतात, शांतपणे, भिंतीला लागून, कुणी न सांगता.

ओसाकाच्या युनिव्हर्सल स्टुडिओत तर आणखी बारकाईने बघावं लागतं. तिथल्या एक्सप्रेस पासवर काही राईडना वेळ ठरवून दिलेली असते. शिवाय सुपर निंटेंडो वर्ल्ड, जे मार्च २०२१ मध्ये उघडलं, त्या भागात शिरायलाच गर्दीच्या दिवशी वेळेचं प्रवेशपत्र लागतं. मात्र एकदा आत शिरलात की बाहेर कधी पडायचं यावर बंधन नाही. म्हणून तिथे उशीर फार महागात पडतो, एक राईड नाही तर तो पूर्ण भागच हुकतो.

घाटवाट, तुमच्या मुद्द्यावर माझं मत तुमच्या बाजूने आहे, पण उलट्या कारणाने. सूट सगळ्यांना सांगा असं तुम्ही म्हणता, मी म्हणते सूट काढूनच टाका. इथे ती नाही, त्यामुळे माझ्या सासूबाई आणि वर्षातून वीसदा येणारी टोकियोची शाळकरी मुलगी, दोघींना एकच नियम. सासूबाई इथे कधीच बिचकल्या नाहीत.

अबोली

माझा अनुभव लिहिते. पार्क अमेरिकेतलंच, नाव घेत नाही.

आमची दुपारी दोन ते तीनची वेळ होती. त्याआधीच्या राईडच्या रांगेत आत असतानाच ती बंद पडली. घोषणा झाली, 'थोडा वेळ थांबा.' थांबलो. पुन्हा घोषणा. निघावं तर इतका वेळ वाया, थांबावं तर पुढची वेळ चाललेली. शेवटी सगळ्यांना बाहेर काढलं आणि आम्ही धावत पुढच्या दाराशी गेलो तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. तिथला मुलगा म्हणाला, वेळ संपली. मी म्हटलं, तुमचीच राईड बंद पडली होती. तो म्हणाला, ती बंद पडली होती, ही नाही. लेक रडायला लागली. मलाही रडू आलं, खरं सांगते. त्या मुलाचं चुकलं असं म्हणणार नाही, त्याच्या टॅबलेटवर आमची आधीची अडचण दिसतच नसेल. पण नवरा मदतकक्षावर गेला, त्यांनी दोन मिनिटांत पास परत चालू करून दिला. म्हणजे करता येत होतं! मग दारावरच का नाही?

मुक्काम_टांपा

अबोली, वाईट वाटलं वाचून. डिस्ने वर्ल्डपुरतं सांगतो म्हणजे घाटवाट यांना उपयोग होईल.

तुमच्या वेळेत तीच राईड बंद पडली तर काहीच करावं लागत नाही. तुमचा पास आपोआप बदलतो आणि ॲपमध्ये 'मल्टिपल एक्स्पीरियन्सेस' असं दिसतं. मग ती राईड सुरू झाल्यावर तिथे, किंवा यादीतल्या दुसऱ्या एखाद्या राईडला, त्या दिवशी केव्हाही जा. तासाचं बंधन उरत नाही. फ्लोरिडात उन्हाळ्याच्या दुपारी विजा चमकायला लागल्या की उघड्यावरच्या राईड थांबतात, तेव्हा असे पास भरपूर होतात. डिसेंबरात पाऊस कमी, तेव्हा त्यावर विसंबू नका.

पण अबोली म्हणतात तसं, एका राईडमुळे दुसरीची वेळ गेली तर यंत्राला ते कळत नाही. तेव्हा दारावर वाद न घालता पार्कात निळ्या छत्र्या दिसतील तिकडे जायचं. तिथे मदतीला माणसं असतात, त्यांना पास दुरुस्त करायचा अधिकार असतो. दारावरच्याला बहुतेक वेळा फक्त 'आत घे' किंवा 'घेऊ नको' एवढंच हातात असतं.

आणि सगळ्यात सोपं म्हणजे उशीर होणार हे कळल्याबरोबर, वेळ संपायच्या आधीच, ॲपमध्ये जाऊन वेळ बदलून घ्यायची. पुढची जागा शिल्लक असेल तर मिळते. आपले लोक शेवटपर्यंत 'पोचू, पोचू' करतात आणि हे विसरतात.

सह्यकडा

एक वेगळी पद्धत कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो. सिक्स फ्लॅग्जच्या पार्कांत 'फ्लॅश पास' असायचा. त्यात रांगेत जितका वेळ लागला असता तितक्या वेळानंतरची वेळ मिळायची. पण ती फक्त सुरुवातीची! तिला शेवट नसायचा. दोनची वेळ असली तर दोनला जा, नाहीतर पाचला जा. मात्र ती वापरल्याशिवाय, किंवा सोडून दिल्याशिवाय, पुढच्या राईडची वेळ घेता यायची नाही.

मला ही पद्धत सगळ्यात न्यायाची वाटते. उशीर केलात तर नुकसान तुमचंच, आणि दारावर कुणाला कुणाशी भांडायला नको. घाटवाट यांच्या आईला इंग्रजी बोलायची गरजच नाही. कागदी चिठ्ठ्यांचे गठ्ठे होत होते, कारण जुनी चिठ्ठी न वापरता थोड्या वेळाने नवी मिळायची. मूळ दुखणं ते होतं, शेवट न पाळणं हे नव्हतं.

तिसरीपाळी

सह्यकडा, बरोबर बोललात, पण अर्धं. फ्लॅश पास घेणारे थोडे असायचे म्हणून ते निभायचं. डिस्नेसारख्या ठिकाणी पार्कातली एवढी माणसं पास घेऊन असतात की सगळ्यांना शेवट नसलेली वेळ दिली तर जेवणानंतर आणि आतषबाजीच्या आधी सगळे एकदम येतील. माणसं ठरवून तसं करत नाहीत, पण भूक सगळ्यांना एकाच वेळी लागते आणि मुलं एकाच वेळी पेंगुळतात. शेवट असण्याचं खरं कारण ते आहे.

सुमिदाकाठ, सूट काढूनच टाका हे मात्र मला पटत नाही. मी त्या दारात उभा राहिलोय. व्हीलचेअरवरच्या आजी घामाघूम होऊन वीस मिनिटं उशिरा आल्या, आणि 'या' म्हणायचा अधिकार माझ्या हातात होता, ते काम करताना मला जे काही समाधान मिळालं ते त्यातून मिळालं. तो अधिकार काढून घेऊ नका. घाटवाट म्हणतात ते करा, यंत्राची पंधरा मिनिटं उघड सांगा. त्यापुढचं माणसावर राहू द्या.

केतकी

त्यापुढचं माणसावर म्हणजे पुन्हा आवाज चढवणाऱ्याचंच फावणार. पण असो, उघड सांगितलेल्या पंधरा मिनिटांनंतर 'नाही' म्हणणं दारावरच्याला सोपं जाईल, हे मान्य. इतका भाग मी मागे घेते.

कोकणकन्या_८८

पैशांचा मुद्दा राहिला. ऑक्टोबर २०२४ पासून डिस्नेने 'प्रीमिअर पास' काढला आहे. त्यात वेळच नाही. प्रत्येक लाइटनिंग लेनला एकदा, वाटेल तेव्हा जा. सुरू झाला तेव्हा डिस्ने वर्ल्डमध्ये त्याची किंमत माणशी दिवसाला १२९ ते ४४९ डॉलर अशी होती, पार्क आणि गर्दीप्रमाणे. सहा माणसांच्या कुटुंबाने हिशेब करून बघावा.

म्हणजे वेळेची शिथिलता आता विकायला ठेवली आहे. १९९९ मध्ये ती दुर्लक्षामुळे फुकट मिळत होती, आता सगळ्यात वरच्या पायरीवर आहे. मला याचं फार वाईट वाटतं. तिसरीपाळी यांनी सांगितलेला तो बाळ कडेवर घेतलेला बाप आता आणखी एका रांगेसाठी थांबतो.

चैत्रपालवी

+१. अगदी मनातलं.

वाटसरू_०७

एक शंका. ज्यांना रांगेत उभं राहता येत नाही अशा ज्येष्ठांसाठी वेगळी सोय असते ना? तिथेही वेळ पाळावी लागते का? बाबांचे गुडघे फार दुखतात.

मुक्काम_टांपा

त्या सोयीचं नाव डीएएस. तिच्यात परतीची वेळ मिळते, पण तिला शेवट नसतो. वेळ झाल्यावर त्या दिवसात केव्हाही जा. मात्र २०२४ मध्ये डिस्नेने तिचे निकष कडक केले. आता ती मुख्यतः स्वमग्नता किंवा त्यासारख्या विकासात्मक अडचणींमुळे ज्यांना रांगेत थांबणं शक्य नाही त्यांच्यासाठी आहे. गुडघ्यांसाठी व्हीलचेअर भाड्याने घ्या असं सांगतात, ती बहुतेक रांगांतून नेता येते. आपल्याकडच्या ज्येष्ठांना व्हीलचेअरवर बसायला संकोच वाटतो. तो घरीच बोलून काढा, पार्कात चालणं फार होतं.

लहान मुलांसाठी 'रायडर स्विच' विसरू नका. उंची कमी म्हणून मुलाला राईड चालत नसेल (सेव्हन ड्वार्फ्सला ३८ इंच लागतात, स्पेस माउंटनला ४४, ट्रॉनला ४८), तर एकाने मुलाजवळ थांबायचं, बाकीचे जाऊन आले की थांबलेला लाइटनिंग लेनने जातो. पहिल्यांदा आत जातानाच दारावर सांगावं लागतं, सगळेजण बरोबर असताना.

रानजाई

इकडे खोपोलीच्या इमॅजिकात किंवा बंगळूरु-हैदराबादच्या वंडरलामध्ये जादा पैशांचं जलद तिकीट आहे, पण परतीच्या वेळेची भानगड नाही. दाखवा नि पुढे जा. त्यामुळे तिकडे पहिल्यांदा जाणाऱ्या आपल्या माणसांना हा तास म्हणजे काय हेच मुळात कळत नाही. माझ्या भावाला वाटलं होतं की १०:२० ला बरोबर पोचलंच पाहिजे, म्हणून त्याने आई-वडिलांना अक्षरशः पळवलं. तास पूर्ण असतो, त्यात कधीही जाता येतं, हे त्याला दुपारी कळलं.

घाटवाट

रानजाई, हे तर मी धरूनच चालले होते. बाबांना सांगायच्या यादीत आता पहिलं हेच.

सगळ्यांचं वाचून मी आता असं ठरवलंय. पंधरा मिनिटं आहेत असं धरायचंच नाही. दोन वेळांमध्ये दीड तास तरी मोकळा ठेवायचा, कारण आम्ही सहाजण आहोत आणि कुणाला ना कुणाला काहीतरी लागणारच. पहिली वेळ उघडल्या उघडल्या घ्यायची नाही. मॅजिक किंग्डमला गाडी लावल्यावर पुन्हा मोनोरेल नाहीतर फेरीबोटीने दारापर्यंत जायचं असतं, आणि मुलांना फेरीबोटच हवी असणार. प्रत्येकाच्या हातात आपापला बँड. आणि आई-बाबांसाठी एका कागदावर मराठीत लिहून ठेवणार आहे: हिरवं झालं तर आत जा, निळं झालं तर घाबरू नका, तिथेच उभे राहा.

माझं मत मात्र बदललेलं नाही. हा कागद मला लिहावा लागतोय याचा अर्थ पार्काने तो लिहायला हवा होता. तिसरीपाळी म्हणतात तसा माणसाचा अधिकार राहू द्या, मलाही तो हवा आहे. पण यंत्राला जे माहीत आहे ते पासावर छापलेलं असायला हवं. परत आल्यावर डिस्नेला तसं पत्र लिहिणार आहे.

एक शेवटचं विचारते. ॲनिमल किंग्डमच्या सफारीला कुठली वेळ घेऊ? आईला फक्त तेवढंच बघायचं आहे.

मुक्काम_टांपा

सकाळची घ्या, जितकी लवकर मिळेल तितकी. ऊन चढलं की प्राणी सावलीत जाऊन बसतात. आणि डिसेंबरात अंधार लवकर पडतो, त्यामुळे संध्याकाळची उशिराची वेळ घेऊ नका. फेरी वीसेक मिनिटांची असते, उघडा ट्रक आणि रस्ता मुद्दाम खडबडीत केलेला, तेव्हा कंबर दुखत असेल तर पाठीमागे धरायला एखादी शाल असू द्या. सफारीचा भाग दारापासून आत बराच चालत आहे. आईंच्या पावलाने अर्धा तास धरा आणि त्यावरून वेळ निवडा. पत्र लिहिलंत की इथे टाका, आम्हीही पाठवू.

सुमिदाकाठ

आणि शेवटच्या रांगेत बसायला मिळालं तर आईंना सगळ्यात कडेची जागा द्या. जिराफ कधीकधी ट्रकच्या अगदी जवळून जातात.